सासऱ्यांची पोटरी आणि काकांचं कुंपण

माझ्या सासऱ्यांचा पाय भांडणामुळे वाचला. हे वाक्य मी आमच्या घरात मोठ्याने म्हणत नाही. सासूबाईंच्या मते तो पाय त्यांनी सासऱ्यांना दाढी करू दिली नाही म्हणून वाचला, आणि सासऱ्यांच्या मते तो मुळात कधी बिघडलाच नव्हता. डॉक्टरांना विचारलं तर ते रक्ताच्या नळ्या आणि पांढऱ्या पेशींबद्दल सांगतील. तेही खरंच आहे. पण त्या पांढऱ्या पेशींना कामाला कोणी लावलं, ते मला विचारा.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन विरारजवळच्या चांदीप गावात आले तेव्हा सासरच्यांचं ‘पानी’ ऐकून मला हसू यायचं आणि माझं ‘पाणी’ ऐकून त्यांना. विरारला स्टेशनाजवळच्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासायचे. सकाळी एसटीने जायचं, दिवसभर लोकांच्या हातातून रक्त काढायचं, काचेवर थेंब पसरायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजत बसायचं. घरात आम्ही चौघं. नवरा वसईच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. भाताचं शेत आणि त्याच्या कडेचा भाजीचा मळा सासूबाई बघायच्या. सासरे ओट्यावर बसून सगळ्यांना सल्ले द्यायचे.

पूर्वी तेही शेतावर जायचे. घराच्या मागल्या दारातून निघालं की धाकट्या भावाचं आवार, आवार ओलांडलं की आमचं शेत. या धाकट्या भावाला आम्ही काका म्हणायचो. काकी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, काका एकटेच राहायचे. दोन्ही घरांच्या मधोमध एक शेवगा होता. काका बाहेरगावी गेलेले असताना सासऱ्यांनी त्याची एक फांदी तोडली, तीही फुलांनी लगडलेली. काका म्हणाले, विचारून तोडायची. सासरे म्हणाले, झाड बापाने लावलं, मी थोरला, विचारायचं कोणाला? दुसऱ्या दिवशी काकांनी आवाराला करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि मागली वाट बंद झाली.

आता शेतावर जायचं तर पुढच्या रस्त्याने निघायचं, काकांच्या ओट्यासमोरून जायचं, शाळेला वळसा घालून तळ्याच्या काठाने बांधावर चढायचं. एवढा लांबचा फेरा मारणं म्हणजे काकांपुढे मान तुकवणं, असं सासऱ्यांनी ठरवलं. “जातच नाय शेतावर,” म्हणाले, आणि खरंच गेले नाहीत. गावातल्या जाणत्या माणसांनी समजावून पाहिलं. पुढे वादळी वाऱ्यात तो शेवगा मुळापासून उपटून पडला. कुंपण राहिलं. दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले त्याला किती वर्षं झाली, हे मोजायचंही गावाने सोडून दिलं.

पण त्या हट्टामागे सासऱ्यांनी आणखी एक गोष्ट लपवली होती, ती माझ्या लक्षात आली एका लग्नाला जाताना. गावातलंच लग्न, चालत निघालो होतो. थोडं अंतर गेलं की सासरे थांबायचे आणि समोरच्या घराची कौलं बघायचे. “काय कौलं बसवलीत बघ,” म्हणायचे. पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा थांबून कौलं. तिसऱ्या वेळी ते थांबले तिथे समोर घरच नव्हतं, नुसतं बांबूचं बन होतं. तरी ते वर बघत होते. मी त्यांच्या पायाकडे बघितलं. उजवी पोटरी ते दुसऱ्या पायाने हळूच चोळत होते.

मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे नळीत रंग सोडून फोटो काढला. उजव्या मांडीतली रक्ताची मोठी नळी मध्येच बंद झाली होती. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. ते म्हणाले, ऑपरेशन करून दुसरी नळी जोडता येईल, पण त्याआधी तीन महिने शरीरालाच संधी देऊ. मोठ्या नळीच्या आजूबाजूला बारीक नळ्या जन्मापासूनच असतात. मोठी बंद झाली की रक्त त्या बारीक नळ्यांतून जोरात वाहायला लागतं. त्या जोराने नळीचं आतलं अस्तर डिवचलं जातं आणि पांढऱ्या पेशींना हाक मारतं. त्या पेशी नळीला चिकटतात, भिंतीत शिरतात, जुनी अरुंद भिंत सैल करतात आणि नवी रुंद, जाड भिंत उभारायला मदत करतात. केसाएवढी नळी अशी वाढत वाढत चांगली वाहती होते.

सासऱ्यांनी सगळं नीट ऐकलं. “म्हंजे बायपास आतूनच होनार?”

“चालाल तर. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. रोज. आणि बिडी आजपासून बंद.”

“आनि नाय चाललो तर?”

डॉक्टरांनी त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. तिथे रक्त कमी पोहोचतंय, एखादी जखम झाली तर भरायची नाही, मग पाय हातचा जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं. सासऱ्यांच्या मामाचा पाय असाच गुडघ्याखालून काढला होता आणि मामा त्यानंतर फार जगले नव्हते. परत येताना सगळ्या वाटेत ते पायाचा अंगठा हलवून बघत होते. मी लग्न होऊन आले तेव्हा नव्या गावाची मला भीती वाटायची म्हणून हा माणूस रोज सकाळी मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला यायचा. त्यांचा पाय मी असा जाऊ देणार नव्हते.

घरी आल्यावर मी सासूबाईंना पांढऱ्या पेशींचं सगळं सांगितलं. ती माझी मोठीच चूक झाली. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, “आनि एरवी त्या काय करतात?”

“एरवी जखम भरतात, जंतूंना मारतात.”

सासूबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. “म्हंजे याला कुठं खरचटलं, तर त्या पायातलं काम टाकून तिकडं पळनार!”

मी म्हटलं, तसं नसतं हो आई, हाडांच्या मगजात रोज नव्या पेशी तयार होतात, शरीराकडे पुष्कळ असतात. त्या म्हणाल्या, “लावनीच्या दिवसांत मानसं पुष्कळ असतात का गं? दोन शेतं एकदम लावायला काढली की दोन्हीकडं कमी पडतात.” त्याच दिवशी सासऱ्यांचा दाढीचा वस्तरा तांदळाच्या डब्यात गेला. विळा, कोयता, खुरपं, नखं काढायचं यंत्रसुद्धा कुलपात गेलं. कोणी शिंकलं तर त्याला अंगणातूनच परत पाठवायला सुरुवात झाली, कारण सर्दी म्हणजे पुन्हा त्या पांढऱ्या मजुरांची पळवापळवी. माझ्या नवऱ्याला पडसं झालं तेव्हा तो तीन दिवस पडवीत जेवला. आणि सासऱ्यांची दाढी वाढत गेली. ते ओट्यावर बसले की वाटसरू वाकून नमस्कार करायला लागले, आणि सासऱ्यांनीही आशीर्वाद द्यायला सुरुवात केली.

सगळं झालं, फक्त चालणं तेवढं होईना. सकाळी ते काठी घेऊन निघायचे आणि बऱ्याच वेळाने घाम पुसत परत यायचे. मला चार दिवस कौतुक वाटलं. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की घाम फक्त कपाळावर आहे आणि सदरा कोरडा ठणठणीत. एसटीच्या थांब्यावर विचारलं तेव्हा कळलं की बुवा तिथे बाकावर गप्पा मारत बसतात आणि निघताना हापशावर तोंड ओलं करतात. मी संतापले. म्हटलं, बाबा, हा खेळ कोणाशी चाललाय? म्हणाले, “पोरी, तुला नाय कळनार. पोटरीत कोनीतरी पिळा घालतो.” आणि मग हळूच, “नुसता उगाच कुठं चालू? चालायला कायतरी काम पायजे.”

हे मात्र खरं होतं. शेतकरी माणूस उगाच चालत नाही. त्याला कुठेतरी पोहोचायचं असतं.

मग मी एक थाप मारली. आजवर मारलेल्या थापांमधली ती मला सगळ्यात आवडते. संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी सासूबाईंना म्हटलं, पण आवाज ओट्यापर्यंत जाईल असा, “आज काका म्हणत होते, दादाचं आता संपलं. शेत बघायची ताकद राहिली नाही, म्हणून कुंपणाचं निमित्त सांगतो.”

ओट्यावर काठी आपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे निघाले ते थेट लांबच्या वाटेने. काकांच्या ओट्यासमोर छाती काढून, शाळेला वळसा, तळ्याचा काठ, बांध. शेतावर जाऊन त्यांनी सासूबाईंनी लावलेल्या वांग्यांना नावं ठेवली आणि त्याच वाटेने परत आले. या वेळी सदरा पाठीला चिकटला होता. मी विचारलं, पाय दुखला का? म्हणाले, “दुखेल माझ्या दुष्मनाचा.”

असे दहा-बारा दिवस छान गेले. मग एका सकाळी मी थांब्यावर एसटीची वाट बघत असताना काका आले. गळ्यातल्या पंच्याचं टोक चुरगाळत उभे राहिले. आमच्या घराशी बोलणं बंद असलं तरी माझ्याशी ते कधी वाकडं वागले नव्हते.

“सूनबाई, दादाच्या पायाचं खरं काय?”

मी खरं सांगितलं, कौलं बघायच्या निमित्तासकट. मामांचा पाय काकांनीही पाहिला होता. त्यांनी पंच्याने डोळे पुसले आणि एकदम म्हणाले, “मी आजच काटे काढतो. मागल्या वाटेनं बिचारा झटक्यात शेतावर पोचेल. बस झाली माझी मस्ती.”

कित्येक वर्षं सगळं गाव ज्या वाक्याची वाट बघत होतं, ते माझ्यासमोर एसटीच्या थांब्यावर उच्चारलं गेलं, आणि मी ओरडले, “खबरदार! काट्याला हात लावाल तर बघा!”

काका दचकून मागे सरले. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मोठी नळी, बारीक नळ्या, रक्ताचा जोर, पांढऱ्या पेशी. वाट जवळची झाली तर रक्ताला जोर लागणार नाही, जोर लागला नाही तर पेशी येणार नाहीत. आणि समेट झाला तर बाबा रागावणार कोणावर, चालणार कशासाठी? काकांना नळ्यांचं किती कळलं कोण जाणे, पण शेवटचं नीट कळलं.

“म्हंजे मी वाईटच राहायचं?”

“तीन महिने, काका.”

“आनि तेवढ्यात मीच मेलो तर?”

“मरायचं नाही. आणि जमलं तर जरा जास्त वाईट व्हा.”

एसटी आली आणि मी चढले. खिडकीतून पाहिलं तर काका अजून तिथेच उभे होते, डोकं खाजवत.

काका जास्त वाईट झाले, आणि त्यांना त्यात इतकी गोडी लागली की मलाच काळजी वाटायला लागली. रोज सकाळी सासरे जायच्या वेळी ते ओट्यावर येऊन बसायचे आणि आपल्या बैलाशी बोलायचे. “काय रे, म्हातारा झालास. कालच्यापेक्षा आज हळू चालतोस. बस घरात, उगाच लोकांना ताप.” बैल गोठ्यात बसलेला असायचा. सासरे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि पावलं झपाझप टाकायचे. परतताना ते रस्त्यावरच्या कुत्र्याला उत्तर द्यायचे. “भुंक, भुंक! स्वतःचं अंगन झाडायला होत नाय आनि दुसऱ्याची चाल मोजतो!” बैल आणि कुत्रा यांच्यामार्फत दोघा भावांचा हा संवाद रोज चालायचा. सासूबाई तर एकदा केरसुणी घेऊन काकांच्या अंगावर निघाल्या होत्या. त्यांना आवरताना माझी पुरेवाट झाली, कारण या कटात मी त्यांना घेतलं नव्हतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

मध्ये एकदा सासरे रक्त तपासायला माझ्या लॅबमध्ये आले. हाताला सुई लावायची म्हणजे भोक पडणार, म्हणून सासूबाई येऊच देत नव्हत्या. शेवटी एवढंसंच भोक आहे, एक मजूर पुरेल, असं मी शपथेवर सांगितलं. मी त्यांच्याच रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि त्यांना डोळा लावायला सांगितलं. पांढऱ्या पेशींमधली एक मोठी पेशी असते, मोनोसाइट, जी हे नळी रुंद करायचं काम करते. तिच्या पोटात वालाच्या दाण्यासारखं वाकडं जांभळं केंद्र दिसतं. शंभर पेशी मोजल्या तर ती जेमतेम चार-पाच वेळा सापडते, आणि एवढी वर्षं मी तिच्याकडे कधी नीट लक्षही दिलं नव्हतं.

सासरे बराच वेळ बघत राहिले. दाढी मायक्रोस्कोपमध्ये अडकत होती.

“ही माझीच?”

“तुमचीच.”

“वाल हाय नुसता,” म्हणाले. मग त्यांनी खाली वाकून तिला सांगितलं, “कामावर वेळेवर जात जा गं बाये.”

आणखी एक सकाळ मी विसरणार नाही. मला सुट्टी होती, मी दारात तांदूळ निवडत बसले होते, तिथून काकांचा ओटा दिसतो. त्या दिवशी सासऱ्यांची पोटरी भलतीच लवकर धरली, अगदी काकांच्या दारासमोर. ते थांबले आणि काकांच्याच घराची कौलं बघायला लागले. चेहरा पांढराफटक पडला होता. काका ओट्यावरून ताडकन उठले. आतून खुर्ची उचलून आणली, दोन पायऱ्या उतरले, आणि माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच ‘नको’ म्हटलं. खुर्ची तशीच हातात धरून काका कसेबसे म्हणाले, “काय रे बैला, झालं वाटतं? बसतोस का?”

“कोन बसतो!” सासरे गरजले आणि चालायला लागले.

काका ती खुर्ची रस्त्यातच ठेवून तिच्यावर बसले. सासरे तळ्यापलीकडे जाईपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

तीन महिन्यांनी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सासऱ्यांना लांबच्या लांब व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लावल्या. घोट्याला यंत्र लावलं तेव्हा त्यातून रक्ताचा फूस-फूस आवाज आला. पहिल्या वेळी तो जेमतेम ऐकू आला होता. डॉक्टर म्हणाले, मोठी नळी होती तशीच बंद आहे, ती उघडणार नाही. पण बारीक नळ्यांच्या आडवाटा चांगल्या रुंदावलेल्या दिसतात. काही गुण त्यांचा, काही चालून तयार झालेल्या स्नायूंचा. ऑपरेशन सध्या नको, चालणं मात्र जन्मभर. मग कौतुकाने विचारलं, “इतकं नेमाने फार कमी लोक चालतात. तुम्हाला रोज चालवतं कोण?”

“माझा भाव,” सासरे म्हणाले. “दुष्मन हाय माझा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

गावात उतरल्याबरोबर मी काकांना जाऊन सांगितलं. ते कोयता घेऊन मागल्या अंगणात गेले. सकाळी सासऱ्यांनी मागलं दार उघडलं तर कुंपण नव्हतं. काटे एका कोपऱ्यात रचलेले होते आणि समोर काकांचं झाडलेलं आवार, त्याच्यापलीकडे आमचं हिरवं शेत, अगदी हाताशी.

“कोनी काढलं?” सासऱ्यांनी विचारलं.

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. माझी थाप, एसटीचा थांबा, बैल, सगळं. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. सासरे काठी घेऊन त्या मोकळ्या वाटेने आवारात शिरले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काका अंगणात खाली मान घालून उभे होते. त्यांच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते.

“रोज शिव्या घातल्यास,” सासरे म्हणाले, “त्या सगळ्या खोट्या?”

“अर्ध्या,” काका म्हणाले.

सासऱ्यांनी थोडा विचार केला. “माझ्यापन अर्ध्याच.” मग काठीने कोपऱ्यातले काटे दाखवत म्हणाले, “ते परत घाल. इथून वाट दिसली तर मी आळशी होईन.”

“दादा, माझा हात बघ. आज नाय घालवत.”

‘दादा’ हा शब्द कानावर पडला आणि सासरे दुसरीकडे बघायला लागले. बघायला तिथे आभाळाशिवाय काही नव्हतं. तिकडेच बघत म्हणाले, “मग चल संगती. कोनाशी तरी भांडायला पायजे.”

काकांनी चपला पायात सरकवल्या. मोकळी वाट पाठीमागे टाकून दोघे पुढच्या रस्त्याला लागले. सासूबाई दारातून ओरडल्या, “भावजी, हाताला हळद लावा! आता तुमचे मजूर तिकडं जानार!” कोणी मागे वळून बघितलं नाही.

मी चार पावलं मागून गेले, मला एसटी पकडायची होती म्हणून. दोघे शेवग्यावरून भांडत होते. शाळेच्या अलीकडे, सासऱ्यांची पोटरी धरायच्या जरा आधी, काका आपणहून थांबले. सासऱ्यांच्या आधी. आणि वर बघून म्हणाले, “काय कौलं बसवलीत बघ, दादा.”